एका संग्रहाचे चार वाटे : ऑक्सफर्डचे ॲशमोलियन एका दिवसात कसे पाहावे

मुलगा किंवा मुलगी शिकायला इंग्लंडात असली, की पदवीदान समारंभाच्या निमित्ताने आईवडिलांची एक फेरी तिकडे होतेच आणि त्या फेरीतला एक दिवस ऑक्सफर्डसाठी राखून ठेवला जातो. त्या दिवसाचा बहुतेक वेळ कॉलेजांची अंगणे, पूल आणि पुस्तकांची दुकाने यांत जातो. परतीच्या गाडीला तासभर उरला, की मंडळी ॲशमोलियन संग्रहालयात शिरतात, ममी पाहतात, एक जुने व्हायोलिन पाहतात, गच्चीवरच्या उपाहारगृहात चहा घेतात आणि "चांगले आहे, पण ब्रिटिश म्युझियमची सर नाही" असा शेरा मारून स्टेशन गाठतात. हा शेरा अन्यायाचा आहे. ॲशमोलियन हे ब्रिटिश म्युझियमपेक्षा सत्तर वर्षांनी जुने असून ते विद्यापीठाने अध्यापनासाठी उभारले होते, त्यामुळे ते पाहण्याची रीतही निराळी ठेवावी लागते.

त्यात एक अडचण आहे, ती आधीच समजून घेतलेली बरी. १६८३ साली जो संग्रह लोकांसाठी खुला झाला, तो आज एका छताखाली राहिलेला नाही. भावाभावांत घराचे वाटे पडावेत तसे त्याचे वाटे पडले आणि ते आता शहरातल्या चार इमारतींत आहेत. म्हणून एका इमारतीत दिवसभर फिरून थकण्यापेक्षा, सकाळी बोमाँट स्ट्रीटवरच्या आजच्या ॲशमोलियनपासून सुरुवात करून दुपारी ब्रॉड स्ट्रीटवरची मूळ इमारत आणि शेवटी पार्क्स रोडवरची दोन संग्रहालये, असा तो संग्रह माग काढत पाहावा. हे सर्व अंतर पायी चालण्याजोगे आहे आणि चारही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे, मात्र विशेष प्रदर्शनांना वेगळे तिकीट असते. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून जलद गाडीने सुमारे तासाभरात ऑक्सफर्ड येते आणि स्टेशनापासून ॲशमोलियन दहा मिनिटांच्या चालीवर आहे. वेळा व सुट्ट्या मात्र निघण्यापूर्वी प्रत्येक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात, कारण चारही ठिकाणी त्या सारख्या नाहीत. ब्रॉड स्ट्रीटवरची इमारत तर दुपारी उघडते, आणि वर दिलेला क्रम त्यासाठीच आहे.

निघण्यापूर्वी माहीत असावी अशी हकिकत

या संग्रहाचा उगम विद्यापीठात झाला नाही. तो माळ्यांच्या घरात झाला. थोरला जॉन ट्रेडस्कंट हा सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील उमरावांच्या बागा सांभाळणारा माळी होता आणि पुढे तो राजाच्या बागांचा प्रमुख झाला. नवी झाडे आणण्यासाठी तो १६१८ साली रशियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत आणि नंतर अल्जीरियापर्यंत जाऊन आला. त्याचा मुलगा, धाकटा जॉन, हाही माळी. तो अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला. आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंडीत जांभळ्या-रुपेरी पट्ट्यांच्या पानांची जी लोंबती रोपे असतात, त्यांच्या प्रजातीचे 'ट्रेडस्कॅन्शिया' हे नाव याच घराण्यावरून पडले आहे. झाडांबरोबर शिंपले, शस्त्रे, वस्त्रे, पेंढा भरलेले पक्षी असे हाताला लागेल ते या बापलेकांनी लंडनजवळच्या लँबेथ येथील घरात जमवले. लोक त्या घराला 'आर्क', म्हणजे नोहाचे तारू, म्हणत आणि सहा पेन्स देऊन ते पाहायला येत. १६५६ साली धाकट्याने या वस्तूंची छापील यादी प्रसिद्ध केली. संग्रहालयाची छापील सूची म्हणून इंग्लंडातील ती पहिली होय.

या यादीच्या कामात आणि छपाईच्या खर्चात त्याला मदत करणारा गृहस्थ म्हणजे एलायस ॲशमोल. वकील, सरकारी अधिकारी, ज्योतिषाचा आणि किमयेचा नादी, वंशावळींचा जाणकार, श्रीमंत विधवेशी विवाह करून सधन झालेला असा हा माणूस. १६५९ साली धाकट्या ट्रेडस्कंटने संग्रह ॲशमोलला देण्याच्या दानपत्रावर सही केली, आणि नंतर मृत्युपत्रात मात्र तो पत्नी हेस्टर हिच्या नावे करून ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एका विद्यापीठाकडे जावा असे लिहिले. १६६२ साली तो वारला तेव्हा ॲशमोलने कोर्टात धाव घेतली आणि १६६४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. हेस्टरकडे केवळ हयातीपुरता ताबा उरला. पुढे ॲशमोल शेजारचे घर घेऊन राहू लागला, वाद वाढत गेले आणि १६७८ साली हेस्टर आपल्याच बागेतील तळ्यात बुडून मरण पावलेली आढळली. ऑक्सफर्डला हा संग्रह ॲशमोलच्या नावाने मिळाला आणि ट्रेडस्कंटांचे नाव मागे पडले. मला विचाराल तर, दारावरच्या नावाकडे पाहताना हेस्टरची आठवण ठेवणे हे या संग्रहालयाच्या दर्शनातले पहिले कर्तव्य आहे.

ॲशमोलने देणगीला अट घातली होती, की विद्यापीठाने संग्रहासाठी स्वतंत्र इमारत बांधावी. ती ब्रॉड स्ट्रीटवर उभी राहिली आणि मे १६८३ मध्ये उघडली. वरच्या मजल्यावर संग्रह, मधल्या मजल्यावर व्याख्यानाची खोली आणि तळघरात रसायनाची प्रयोगशाळा अशी तिची रचना होती. पहिला संग्रहपाल रॉबर्ट प्लॉट हाच रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापकही होता. वस्तू पाहा, तिच्यावर व्याख्यान ऐका आणि खाली जाऊन प्रयोग करा, ही कल्पना त्या काळी नवी होती. 'जगातील पहिले विद्यापीठ-संग्रहालय' असे ॲशमोलियनचे वर्णन पुष्कळदा केले जाते, परंतु स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे विद्यापीठासाठी एक संग्रह १६६१ साली विकत घेतला गेला होता आणि तो १६७१ मध्ये लोकांना खुला झाला होता, हे ध्यानात ठेवून त्या विशेषणाकडे थोडे बेताने पाहावे. ब्रिटनमधील पहिले सार्वजनिक संग्रहालय हे वर्णन मात्र बिनदिक्कत वापरावे. १७१० साली आलेल्या उफेनबाख या जर्मन प्रवाशाने, येथे सहा पेन्स देऊन बायकांनासुद्धा आत सोडतात आणि लोक सगळ्या वस्तू हाताळतात, अशी नाक मुरडत तक्रार नोंदवली आहे. सार्वजनिक असण्याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण आहे.

पाटी वाचावी ती शेवटच्या ओळीपासून

आता प्रत्यक्ष दर्शनाकडे वळू. बोमाँट स्ट्रीटवरची स्तंभांची भव्य इमारत सी. आर. कॉकरेल या वास्तुशिल्पीने १८४१ ते १८४५ या काळात विद्यापीठाच्या चित्र-शिल्पांसाठी बांधली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पुरातन वस्तू १८९४ साली तिच्या मागे बांधलेल्या दालनांत आल्या आणि १९०८ साली दोन्ही संग्रह एकत्र होऊन आजचे ॲशमोलियन झाले. दर्शनी भागामागची इमारत २००९ साली रिक मेथर यांच्या आराखड्यानुसार जवळपास नव्याने उभारली गेली. आत शिरताच समोर दिसणारा उंच, पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जाणारा उजेडाचा जिना तेव्हाचा आहे. खालून वर जावे तसा काळ पुढे सरकतो, अशी दालनांची मांडणी आहे. प्रत्येक दालनात डोकावण्याचा मोह टाळून सुरुवात खालच्या मजल्यावरील संग्रहालयाच्या स्वतःच्या इतिहासाच्या दालनापासून करावी, कारण ट्रेडस्कंटांच्या घरातून आलेल्या वस्तू तेथे एकत्र ठेवल्या आहेत.

वस्तूजवळच्या पाटीवर नाव, काळ आणि वर्णन यांच्या खाली बारीक अक्षरांत दात्याचे नाव आणि दाखल क्रमांक असतो. बहुतेक लोक ही ओळ सोडून देतात. या संग्रहालयात ती सर्वांत आधी वाचावी. क्रमांकाच्या आरंभीची दोन रोमन अक्षरे विभाग सांगतात : 'एएन' म्हणजे पुरावस्तू, 'ईए' म्हणजे पौर्वात्य कला, 'डब्ल्यूए' म्हणजे पाश्चात्त्य कला. त्यापुढचा आकडा बहुधा दाखल झाल्याचे वर्ष असते, पण जुन्या वस्तूंच्या बाबतीत तो वस्तू ज्या यादीत नोंदली गेली तिचे वर्ष दाखवतो. 'एएन १६८५' असा आरंभ दिसला, की वस्तू १६८५ साली केलेल्या यादीतली, म्हणजे बहुधा मूळ लँबेथच्या घरातली आहे हे ओळखावे. 'एएन १८३६' दिसल्यास ती १८३६ च्या छापील सूचीत होती असे समजावे. एवढी एक किल्ली हाती असली, की काचपेट्यांपुढून चालताना संग्रहाचे थर आपोआप उलगडू लागतात.

याच किल्लीने पोहॅटनचे वस्त्र पाहावे. व्हर्जिनियातील मूलनिवासी जमातींचा प्रमुख पोहॅटन हा पोकाहाँटसचा पिता. त्याच्याशी जोडले गेलेले हे हरणाच्या चार कातड्यांचे विशाल वस्त्र १६८५ च्या यादीत आहे आणि त्यापूर्वी १६५६ च्या छापील यादीतही आहे. मध्यभागी एक उभी मानवाकृती, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक प्राणी आणि भोवती चौतीस वर्तुळे, हे सारे बारीक शंखमण्यांनी टाचलेले आहे. पाहताना प्रथम दूर उभे राहून वर्तुळांची रचना पाहावी. ती वर्तुळे पोहॅटनच्या सत्तेखालील गावांची किंवा टोळ्यांची खूण असावीत असे अनेक अभ्यासकांना वाटते. मग काचेजवळ जाऊन मणी जेथे गळून पडले आहेत तेथे टाक्यांच्या खुणा शोधाव्यात. हे वस्त्र अंगावर घेत असत की समारंभात टांगत असत, याविषयीही मतभेद आहेत, आणि त्याचा आकार पाहिल्यावर तो प्रश्न का पडतो हे कळते.

गाय फॉक्सचा कंदील हा या किल्लीचा दुसरा नमुना. १६०५ साली इंग्लंडची संसद दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट उघडकीस आला, त्या वेळी तळघरात पकडलेल्या फॉक्सजवळ हा लोखंडी कंदील होता असे सांगितले जाते. रॉबर्ट हेवूड याने तो १६४१ साली विद्यापीठाला दिला. त्याचा भाऊ फॉक्सला पकडणाऱ्यांत होता. मात्र दाखल क्रमांक १८८७ चा आहे. १६४१ साली ॲशमोलियन अस्तित्वातच नव्हते आणि विद्यापीठाच्या दुर्मीळ वस्तू बॉडलियन ग्रंथालयात ठेवल्या जात, ही पार्श्वभूमी माहीत असली की दोन सालांमधली ही तफावत गोंधळात टाकत नाही.

त्यानंतर लिफ्टने थेट दुसऱ्या मजल्यावर, मध्ययुगीन इंग्लंडच्या दालनात जावे आणि आल्फ्रेड ज्युएलपाशी घाई न करता थांबावे. १६९३ साली सॉमरसेटमधील नॉर्थ पेदर्टन येथे जमिनीत सापडलेला आणि १७१८ साली विद्यापीठाला मिळालेला हा सोन्याचा अलंकार जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर उंचीचा आहे. त्यामुळे पहिल्या दृष्टीत निराशा होते. स्फटिकाच्या जाड तुकड्याखाली मिन्याच्या कामातली एक आकृती आहे : डोळे मोठे, हातांत फुलांचे दोन देठ, मागे निळी जमीन. कडेने सोने कोरून आरपार केलेली अक्षरे फिरली आहेत. जुन्या इंग्रजीतील त्या मजकुराचा अर्थ 'आल्फ्रेडच्या आज्ञेवरून मला घडवले' असा आहे. खालच्या टोकाला एका श्वापदाचे डोके असून त्याच्या तोंडात पोकळ नळी आहे. त्या नळीत लाकडाची किंवा हस्तिदंताची काडी बसवली जात असावी. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडने आपल्या बिशपांना एका धर्मग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रती पाठवल्या आणि प्रत्येक प्रतीबरोबर एक मौल्यवान दर्शिका पाठवली, अशी नोंद आहे. वाचताना ओळीवर बोट ठेवण्याऐवजी वापरायच्या अशाच काडीची ही मूठ असावी असा आज बहुतेकांचा निष्कर्ष आहे. ती जेथे सापडली तेथून काही मैलांवर ॲथेल्नी आहे, व्हायकिंगांपासून बचाव करताना ८७८ साली आल्फ्रेडने जेथे आश्रय घेतला होता ते ठिकाण. काचपेटीच्या बाजूने जाऊन अक्षरांच्या फटींतून पलीकडचा उजेड पाहावा आणि मागची कोरीव पानांची पट्टीही विसरू नये.

याच मजल्यावर दोन ठिकाणी थांबून पुढे जावे. उच्चेल्लो याच्या 'जंगलातील शिकार' या चित्रात सारे घोडे, कुत्रे आणि माणसे अंधाराकडे, एकाच बिंदूकडे धावत आहेत. चित्राच्या अगदी मध्यासमोर उभे राहिल्याखेरीज ती ओढ जाणवत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे 'मसीहा' या नावाचे १७१६ सालचे, विख्यात इटालियन कारागीर स्ट्राडिवारी याने घडवलेले स्ट्राडिवारियस व्हायोलिन, वाजवले न गेल्यामुळे नव्यासारखे राहिलेले. वाद्य वाजवायचे नाही या बोलीवरच ते हिल बंधूंनी संग्रहालयाला दिले. वाद्यावर प्रेम करणाऱ्याला ही अट क्रूर वाटेल, पण लाकडाचा आणि रोगणाचा मूळ रूपातला असा दुसरा नमुना नाही, हेही खरे. फ्रेंच चित्रकार सेझान याचे एक निसर्गचित्र मात्र येथे दिसणार नाही. १९९९ सालच्या अखेरच्या रात्री, शहर फटाके पाहण्यात गुंतलेले असताना, चोर छतावरून उतरला आणि ते घेऊन गेला, ते अद्याप मिळालेले नाही.

खाली उतरताना तळमजल्यावर दोन गोष्टींसाठी वेळ ठेवावा. पहिली, आर्थर इव्हान्स याने क्रीट या ग्रीक बेटावरून आणलेला संग्रह. इव्हान्स १८८४ ते १९०८ या काळात येथील संग्रहपाल होता, १९०० पासून त्याने तेथील क्नोसोस या प्राचीन राजवाड्याचे उत्खनन केले आणि ग्रीसबाहेर मिनोअन, म्हणजे क्रीटच्या त्या प्राचीन, संस्कृतीच्या वस्तूंचा एवढा मोठा साठा अन्यत्र नाही. दुसरी, प्राचीन इराकमधील सुमेर देशाच्या राजांची यादी, म्हणजे सुमेरी राजावली, कोरलेली मातीची चौकोनी वीट. तळहातापेक्षा थोडी उंच, चारही बाजूंनी दाट अक्षरांनी भरलेली आणि १९२३ साली दाखल झालेली. जलप्रलयापूर्वीच्या पहिल्या राजाने २८,८०० वर्षे राज्य केले असे तीत लिहिले आहे. पुराणांतल्या राजवंशांची वर्षे वाचून सवय झालेल्या मराठी वाचकाला येथे परके वाटण्याचे कारण नाही.

भारतीय वस्तू : आल्या कशा, हे विचारत पाहाव्या

भारताची दालने दोन मजल्यांवर विभागली आहेत, इ. स. ६०० पर्यंतचा भारत तळमजल्यावर आणि त्यानंतरचा त्याच्या वर. तळमजल्यावरची बंगालमधील तामलुक येथील भाजक्या मातीची यक्षी सर्वप्रथम पाहावी. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतली ही साच्यातून काढलेली पट्टी फार मोठी नाही, पण तिच्यावर दागिन्यांवाचून रिकामी अशी जागा सोडलेली नाही. भल्या मोठ्या केशभूषेत खोवलेल्या सुयांची टोके आयुधांच्या आकाराची आहेत. कानांतली जड भूषणे, बाजूबंद, कमरेची अनेक सरांची मेखला आणि तिच्यावरून आलेल्या माळा एकेक करून ओळखता येतात. आपल्याकडच्या स्त्रियांना हे दालन पुरुषांपेक्षा लवकर उलगडते, असा माझा अनुभव आहे, कारण दागिना कोठे अडकवला जातो आणि कोणत्या बाजूने झुकतो हे त्यांना न सांगता कळते.

ही यक्षी ॲशमोलियनने मिळवलेली नाही. ती ऑक्सफर्डच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट'च्या संग्रहातून आली. ती संस्था उभारणारे संस्कृतचे प्राध्यापक मोनियर-विल्यम्स यांचा जन्म १८१९ साली मुंबईत झाला होता, आणि त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या ग्रंथालयात अजून हाताळला जातो. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या इंग्रज तरुणांना भारताची ओळख व्हावी म्हणून त्यांनी वर्गणी गोळा करून ही संस्था आणि तिचे संग्रहालय उभारले. ती इमारत ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोकाला अजून आहे. दुपारी तेथून जाताना मान वर करून छतावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा अंबारीचा हत्ती अवश्य पाहावा. संग्रहालय कालांतराने बंद पडले आणि त्यातील वस्तू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲशमोलियनमध्ये आल्या.

त्याहून जुनी कथा काळ्या दगडातील विष्णूमूर्तीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील प्रमुख विल्यम हेजेस याने गंगेच्या मुखाशी असलेल्या सागर बेटावरून, म्हणजे गंगासागरच्या यात्रेमुळे आपल्याला परिचित असलेल्या ठिकाणाहून, ही मूर्ती नेली आणि १६८६ च्या सुमारास नव्या ॲशमोलियनला दिली. युरोपातील सार्वजनिक संग्रहालयात गेलेली ही पहिली महत्त्वाची हिंदू मूर्ती मानली जाते. संग्रहालय उघडून तीनच वर्षे झाली होती. शिवछत्रपतींच्या निधनाला तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि दख्खनमध्ये औरंगजेबाची मोहीम चालू होती. ती नेमकी कोठे ठेवली आहे हे माहिती-खिडकीवर विचारून घ्यावे आणि पाटीवरच्या दात्याच्या ओळीपाशी थांबावे. 'दिली' हे क्रियापद हेजेसला लागू पडते. मूर्ती ज्यांची होती त्यांनी काय केले, याविषयी पाटी काही सांगत नाही.

हाच प्रश्न आता संग्रहालयालाही टाळता येत नाही. तमिळ वैष्णव संत तिरुमंगै आळ्वार यांची सोळाव्या शतकातील कांस्यमूर्ती संग्रहालयाने १९६७ साली लंडनच्या लिलावातून विकत घेतली होती. पुढे पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेच्या दफ्तरात १९५७ सालचे एक छायाचित्र मिळाले आणि त्यात तीच मूर्ती तमिळनाडूतील सौंदरराज पेरुमाळ मंदिरात दिसली. संग्रहालयाने स्वतः होऊन भारतीय उच्चायुक्तालयाला कळवले आणि २०२४ साली विद्यापीठाच्या परिषदेने मूर्ती परत करण्यास पाठिंबा दिला. लिलावातून रीतसर खरेदी झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानण्याचे दिवस गेले आहेत, आणि एका जुन्या छायाचित्राने हे घडवले ही दप्तर सांभाळणाऱ्यांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

दुपार : उरलेले वाटे

जेवण उरकून ब्रॉड स्ट्रीटवरच्या मूळ इमारतीत जावे. आज तेथे विज्ञानाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ते लुइस इव्हान्स याने १९२४ साली दिलेल्या यंत्रांच्या संग्रहातून जन्मले, आणि हा लुइस म्हणजे त्याच आर्थर इव्हान्सचा भाऊ, ज्याच्या कारकिर्दीत या इमारतीतल्या पुरावस्तू बोमाँट स्ट्रीटला गेल्या. एका भावाने इमारत रिकामी केली आणि दुसऱ्याच्या वस्तूंनी ती भरली. ग्रहताऱ्यांची स्थिती काढण्याच्या पितळी यंत्रांचा, म्हणजे ॲस्ट्रोलेबांचा, येथील संग्रह जगातील सर्वांत मोठा आहे. जयपूर-दिल्लीच्या वेधशाळा पाहिलेल्यांनी त्यासाठी अर्धा तास तरी राखावा. प्लॉटची प्रयोगशाळा जेथे होती त्या तळघरात आइन्स्टाइनने १९३१ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात वापरलेला फळा आहे, त्याच्या हस्ताक्षरातील समीकरणांसह. लोक तेथे छायाचित्र काढून लगेच वर जातात; त्यांनी निदान त्या खोलीच्या दगडी कमानींकडे तरी पाहावे, कारण विद्यापीठात रसायन शिकवण्यासाठी बांधलेली ती जागा आहे.

तेथून पार्क्स रोडने दहा मिनिटांत विद्यापीठाचे निसर्गविज्ञान संग्रहालय येते. १८६० साली उघडलेल्या या काचेच्या छताच्या इमारतीत ॲशमोलियनमधील प्राणी आणि खनिजे आली. ट्रेडस्कंटांचा डोडो, म्हणजे आता नामशेष झालेला तो पक्षी, त्यांतलाच. भरलेला पक्षी कुजत गेला आणि १७५५ साली तो काढून टाकण्यात आला, तेव्हा डोके आणि एक पाय तेवढा राखला गेला. आगीतून तो ओढून काढला ही लोकप्रिय कथा रंगवलेली आहे. खराब झालेला नमुना काढून टिकाऊ भाग ठेवणे हा त्या काळचा नित्याचा भाग होता. जगात डोडोची त्वचा उरली आहे ती या डोक्यापायापुरतीच, म्हणून अस्सल अवशेष जपून ठेवलेले असतात आणि दालनात प्रतिकृती दिसते. २०१८ साली क्ष-किरण चित्रण केले असता कवटीत शिशाचे छर्रे आढळले. लंडनमध्ये जिवंत दाखवला गेलेला पक्षीच नंतर भरला असावा, या जुन्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. डोडोनंतर मेगालोसॉरसचा जबडा पाहावा. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर; ते नाव विल्यम बकलंड याने १८२४ साली दिले आणि हा बकलंड आपली व्याख्याने ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत देत असे. गंमत अशी, की प्लॉटने १६७७ साली अशाच प्राण्याच्या हाडाचे चित्र छापले होते आणि ते एखाद्या महाकाय माणसाच्या मांडीचे असावे असा निष्कर्ष काढला होता.

याच इमारतीच्या मागच्या दारातून पिट रिव्हर्स संग्रहालयात जाता येते. १८८४ साली मिळालेल्या जनरल पिट रिव्हर्सच्या संग्रहात ॲशमोलियनमधील मानववंशविषयक वस्तूही १८८६ साली येऊन मिळाल्या. येथे मांडणी देशांप्रमाणे केलेली नाही. सारे दिवे एकत्र, सारी वाद्ये एकत्र, सारी कुलपे एकत्र. उजेड मंद असतो, पाट्या बारीक हाताने लिहिलेल्या असतात, आणि काचपेट्यांखालचे कित्येक खण उघडून पाहता येतात हे नवख्याच्या लक्षात येत नाही. सगळे पाहण्याचा आटापिटा न करता आपल्या ओळखीचा एक विषय निवडावा, वाद्ये किंवा विणकाम, आणि त्याचीच कपाटे सावकाश पाहावी. एकेकाळी गर्दी खेचणारी, कवटी काढून आकसवलेली मानवी मुंडकी २०२० साली प्रदर्शनातून काढली आहेत; ती शोधत फिरू नये.

दुसरा दिवस हाताशी असल्यास ॲशमोलियनच्या चित्र-अभ्यासकक्षासाठी आधी वेळ ठरवून घ्यावी. राफाएल आणि मायकेलँजेलो यांची १८४६ साली मिळालेली रेखाटने तेथे मागवून टेबलावर पाहता येतात आणि त्यासाठी प्राध्यापक असावे लागत नाही. ओळखपत्र, पेन्सिल आणि काय पाहायचे आहे याची नेमकी यादी एवढे पुरते. शाईचे पेन बाहेर ठेवावे लागते. लंडनला परतल्यावर अर्धा दिवस मोकळा असला, तर थेम्सच्या पलीकडे लँबेथ राजवाड्याशेजारचे जुने सेंट मेरी चर्च पाहावे. आज तेथे बागांच्या इतिहासाचे संग्रहालय असून त्याला तिकीट आहे. त्याच्या आवारात ट्रेडस्कंटांचे थडगे आहे. दगडावर शिंपले, मगर आणि पडक्या इमारती कोरल्या आहेत. हेस्टर तेथेच पुरलेली आहे, आणि तिच्याशी कोर्टात भांडलेल्या ॲशमोललाही १६९२ साली त्याच चर्चमध्ये पुरण्यात आले.